जुनी फायबरची शिडाची बोट: दुरुस्त करायची की सोडून द्यायची?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले जादाचे 'म्हणजे' आणि 'तर' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

वस्तू कशा बनतात, कशा चालतात आणि कशा बिघडतात, याबद्दल आपण इथे बोलतो. आजची वस्तू आहे शिडाची बोट. तीही नवी नाही, चाळीसएक वर्षं जुनी, फायबरग्लासची, किनाऱ्यावर लाकडी टेकूंवर उभी आणि बाजूला मोठं भोक पडलेली. मालक म्हणतोय, "घेऊन जा, भंगाराच्या भावात देतो." घ्यायची का?

माझं उत्तर आधीच सांगतो, मग कारणं बघू. फायबरचं भोक जवळजवळ नेहमी बुजवता येतं. म्हणून "ही दुरुस्त होईल का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. खरे प्रश्न दोन: न दिसणाऱ्या जागी काय झालंय? आणि सगळं करून हातात जी बोट येईल, तिच्यात बसून तुम्ही निर्धास्तपणे समुद्रात जाल का?

[०१:२०] आधी चार शब्द

बोटीचं पाण्यात बसणारं अंग म्हणजे हल. त्यावरचं, आपण ज्यावर चालतो ते झाकण म्हणजे डेक. हलच्या पोटाखाली जड शिसं किंवा लोखंड असलेला पंख असतो, ती कील. शिडात वारा भरला की बोट कलते आणि तिला परत सरळ करते ती कील. चौथा शब्द जेलकोट: बाहेरचा गुळगुळीत, चकचकीत, रंगीत थर. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे बोटीच्या मानाने फोनवरच्या स्क्रीन गार्डसारखा.

अशी बोट बाहेरून आत बनते. साचा घ्यायचा, त्यात आधी जेलकोट मारायचा, त्यावर काचेच्या तंतूंची मॅट आणि विणलेलं कापड अंथरायचं, पॉलिस्टर रेझिनने भिजवायचं, मग पुढचा थर. रेझिन घट्ट झालं की साच्यातून तयार हल बाहेर. जोड नाही, खिळा नाही. १९५९ साली अमेरिकेत 'पिअर्सन ट्रायटन' नावाची २८ फुटी बोट अशा पद्धतीने मोठ्या संख्येने बनायला लागली आणि शिडाची बोट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्या सुरुवातीच्या काळात हे मटेरियल किती वर्षं टिकेल याचा कुणाला अंदाज नव्हता, म्हणून बांधणाऱ्यांनी हल भरपूर जाड ठेवले. आज जगभरात पन्नास-साठ वर्षांच्या बोटी उभ्या दिसतात, त्याचं हे एक कारण.

[०३:३०] लाकूड सांगतं, फायबर लपवतं

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या खलाशाने १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला. त्याची 'सुहेली' ही बोट सागवानी होती आणि आपल्या मुंबईत बांधलेली होती. लाकडी बोटीचं एक बरं असतं. फळी कुजली तर मऊ पडते, रंग सोडते, सांध्यातून पाणी येतं. ती तक्रार करते. मग तेवढी फळी काढून नवी बसवायची.

फायबर तक्रार करत नाही. वरून धुतलं, पॉलिश मारलं की चाळीस वर्षांची बोट चार वर्षांची दिसते. कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल: स्क्रीन छान दिसते म्हणून आतला कोड छान असतोच असं नाही. त्यामुळे जुनी फायबरची बोट डोळ्यांनी नाही, कानांनी आणि हातांनी तपासायची.

[०५:००] भोक: दिसायला भयंकर, करायला सोपं

समजा हलच्या बाजूला ताटाएवढं, २० सेंटिमीटरचं भोक आहे आणि तिथे हलची जाडी ८ मिलिमीटर आहे. पुष्कळ लोक काय करतात? भोकावर तुकडा ठेवायचा, कडेने लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, रंग द्यायचा. फोटोत झकास दिसतं. पण नव्या-जुन्याची पकड फक्त ८ मिलिमीटरच्या कडेवर असते. लाटेचा मार बसला की झाकण निघाल्यासारखा तुकडा निघतो.

बरोबर पद्धत अशी. भोकाच्या चहूबाजूंनी ग्राइंडरने जाडीच्या बारा पट रुंद निमुळता उतार करायचा. ८ गुणिले १२ म्हणजे ९६ मिलिमीटर, जवळपास १० सेंटिमीटर. म्हणजे २० सेंटिमीटरचं भोक आधी ४० सेंटिमीटरचं वर्तुळ होतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा दुरुस्त करतोय की बोट फाडतोय! पण आता पकड कडेवर राहिली नाही, ती मोठ्या पसरट उतारावर आहे. त्यावर कापडाचे थर एकावर एक चढवत मूळ जाडी परत आणायची.

इथे एपॉक्सी रेझिन वापरणं चांगलं, कारण जुन्या, कडक झालेल्या फायबरला ते पॉलिस्टरपेक्षा घट्ट धरतं. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. बाजारात मिळणाऱ्या साध्या मॅटमधले तंतू ज्या डिंकाने चिकटवलेले असतात, तो बहुधा पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो. एपॉक्सीत तो विरघळत नाही, मॅट नीट भिजत नाही. एपॉक्सीबरोबर विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

आणि मास्क! काचेची धूळ फुप्फुसात जाते, तिच्यासाठी निदान एन-९५. स्टायरीनच्या वाफेला तो मास्क काहीच करत नाही, तिला वेगळा कार्ट्रिजवाला मास्क लागतो. रुमाल बांधून ग्राइंडर धरू नका.

[०७:४०] फोड: दिसतात तितके वाईट नसतात

बोट पाण्याबाहेर काढली की खालच्या भागावर कधीकधी फोड दिसतात. जेलकोट पूर्णपणे जलरोधक नसतो. वर्षानुवर्षं पाण्याचे रेणू त्यातून आत झिरपतात, आत राहिलेले विरघळणारे पदार्थ त्यात मिसळतात आणि हा घट्ट द्राव आणखी पाणी ओढून घेतो. मनुके भिजत घातले की फुगतात ना, तेच. याला ऑस्मोसिस म्हणतात. फोड फोडला तर आतल्या पाण्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा, कारण आत दाब असतो आणि द्राव आम्लधर्मी असतो.

मोजके, छोटे, फक्त जेलकोटखालचे फोड असतील तर उघडायचे, गोड्या पाण्याने धुवायचे, वाळवायचे, एपॉक्सीने भरायचे. बोट त्याने बुडत नाही. पण फोड सगळीकडे असतील आणि खालच्या थरांपर्यंत गेले असतील, तर सगळा जेलकोट सोलून हल महिनोन्महिने वाळवावा लागतो. तिथे पैशापेक्षा वेळेची तयारी आहे का ते बघा.

[०९:१५] सँडविच: खरा खर्च इथे असतो

डेकवर आपण चालतो, म्हणजे ते ताठ हवं आणि हलकंही हवं. म्हणून बहुतेक बोटींत ते सँडविचसारखं असतं: वर फायबरचा पातळ थर, खाली पातळ थर, मध्ये बाल्सा नावाचं अतिशय हलकं लाकूड किंवा फोम. काही बोटींचा हलही असाच असतो. ही पद्धत वाईट मुळीच नाही. गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या 'तारिणी'चा हल लाकडी गाभ्याचा आणि वर फायबरग्लासचा आहे. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये दोन महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. कोरडं सँडविच उत्तमच असतं, घात करतं ते भिजलेलं.

डेकवर कड्या, खुंट्या, रेलिंग असं बरंच काही स्क्रूने बसवलेलं असतं. प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक. सीलंट दहा-पंधरा वर्षांनी सुकतं, पावसाचं पाणी आत जातं, बाल्सा पाणी शोषतो, कुजतो, आणि वरचा थर खालच्यापासून सुटतो. वरून काहीही दिसत नाही.

तपासायचं कसं? कलिंगड घेताना करतो तसं. प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने, नाहीतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने, हातभर अंतरावर वाजवत जायचं. चांगल्या जागी 'टक टक' असा खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी 'थप थप'. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ मारायची. अर्ध्या तासात डेकवर आजाराचा नकाशा तयार होतो. ओलावा मोजायचा मीटर मिळाला तर तोही फिरवा. पण त्याचा आकडा एकटा वाचू नका, एकाच बोटीच्या कोरड्या आणि संशयित जागांची तुलना करा. शेवटची खात्री मालकाच्या परवानगीने: केबिनमधून वरच्या दिशेला, वरचा थर न भेदता, ३-४ मिलिमीटरचं भोक पाडायचं. पांढरट कोरडा भुसा आला तर ठीक. तपकिरी ओला लगदा आला तर तेवढा डेक उघडून गाभा बदलायला लागेल.

[१२:००] कील: इथे चूक जिवावर बेतते

मे २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' ही चाळीस फुटी बोट अटलांटिकमधून इंग्लंडला परतत होती. वाटेत तिची कील निखळली, बोट उलटली. चार जण होते, चौघेही गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २०१५ च्या अहवालात लक्ष वेधलं ते आतल्या सांगाड्याकडे. हलच्या आत तळाला चिकटवलेला हा सांगाडा कीलचा भार सगळीकडे पसरवतो. बोट आधी तळाला लागलेली असेल, तर ते चिकटवलेले जोड कुणाच्या लक्षात न येता सुटलेले असू शकतात.

म्हणून मालकाला एक प्रश्न सरळ विचारा: बोट कधी खडकाला किंवा तळाला लागली होती का? कील खडकावर आपटली की तिची मागची कड वर, हलच्या पोटात घुसू बघते. त्यामुळे केबिनची जमीन उचला आणि कीलच्या मागच्या टोकाच्या वरचा भाग टॉर्चने बघा. आतल्या आडव्या पट्ट्या हलपासून सुटल्यात का, केसासारखी चीर आहे का, कीलच्या बोल्टभोवती गंजाचे ओघळ आहेत का? बाहेरून कील आणि हल यांच्या सांध्यात चीर दिसते का? यार्डात क्रेनने बोट उचलली जाणार असेल तर तो चान्स सोडू नका. टेकूंवर मिटलेली चीर कील लटकल्यावर उघडली, तर उत्तर मिळालं.

[१४:१०] आम्ही बघितलेली बोट

मी आणि माझे दोन मित्र, तिघांनी मिळून अशीच एक २४ फुटी बोट बघितली. रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या यार्डात उभी होती. मालक काका सत्तरीचे. वादळात जेटीवर आपटून बाजूला भोक पडलेलं, तेव्हापासून बोट जमिनीवर. आम्ही तिघं भोकाकडेच बघत होतो. यार्डात मच्छीमारांच्या होड्यांचं फायबरकाम करणारे एक मिस्त्री होते. ते म्हणाले, "दादा, भोकाचं टेन्शन घेऊ नका. ते मी दोन दिवसांत भरतो. वरचं डेक वाजवलं का?"

वाजवलं. डोलकाठीपासून मागे बसायच्या जागेपर्यंत 'थप थप'. काकांच्या परवानगीने तीन भोकं पाडली, तिन्हीतून ओला लगदा. हल मात्र कोरडा आणि खणखणीत, फोड बोटांवर मोजण्याइतके. मग जमीन उचलली, तर कीलच्या मागच्या टोकाला दोन पट्ट्यांच्या बुडाशी चिरा. काकांना विचारलं. म्हणाले, "अरे हो, एकदा खडकाला घासली होती. पण तिला काही झालं नाही रे." त्यांच्या बाजूने ते खरंच होतं. फायबरने त्यांना काही सांगितलंच नव्हतं.

आता हिशेब कसा मांडायचा ते सांगतो. आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून घेतलेत, बाजारभाव समजू नका.

- बोटीची किंमत: ५० हजार
- हलचं भोक: ४० हजार
- डेकचा गाभा बदलणं: दीड लाख
- कील उतरवून आतला सांगाडा पक्का करणं: १ लाख २० हजार
- डोलकाठीच्या तारा आणि शिडं: २ लाख २० हजार
- जुनं आउटबोर्ड इंजिन बदलणं: ९० हजार
- यार्डाचं वर्षाचं भाडं: ६० हजार

बेरीज ७ लाख ३० हजार. बोटीची किंमत सोडून उरलेल्या ६ लाख ८० हजारांवर ३० टक्के 'अचानक निघालेलं काम' धरा, कारण ते निघतंच. साधारण ९ लाख ३५ हजार. आणि समजा तेवढीच मोठी, आज चालू असलेली बोट ६ लाखांना मिळते.

भोक बघा या यादीत. ४० हजार, म्हणजे एकूण खर्चाच्या जेमतेम ४ टक्के. ज्याला बघून लोक घाबरतात आणि जे भरलं की काम झालं असं वाटतं, ते ४ टक्के आहे.

[१७:००] आपल्या किनाऱ्याचा एक पेच

परदेशातले व्हिडिओ बघून एक गोष्ट लक्षात येत नाही. तिकडे हिवाळ्यात बोटी बाहेर काढतात, शेडमध्ये काम करतात आणि उन्हाळ्यात सेलिंग करतात. आपल्याकडे बोटी पावसाळ्यात बाहेर असतात आणि नेमकं तेव्हाच फायबरचं काम होत नाही. कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत भिजलेला गाभा वाळत नाही, एपॉक्सीवर तेलकट थर येतो, पुढचा थर नीट धरत नाही. म्हणजे कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. आणि सेलिंगचा हंगाम? तोच!

वेळेचंही गणित करा. समजा ४०० तासांचं काम आहे. तिघांनी दर रविवारी सहा-सहा तास दिले तर रविवारचे १८ तास, म्हणजे २२ ते २३ रविवार. लग्नं, रिलीज, आजारपण धरलं की अख्खा हंगाम गेला. दुरुस्तीचं वर्ष म्हणजे बोटीत न बसलेलं वर्ष.

[१८:३०] मग 'हो' कधी म्हणायचं?

माझे तीन निकष आहेत. एक, हल भरीव आणि कोरडा आहे, किंवा सँडविच असला तरी खराब भाग मोजता येण्याइतका छोटा आहे. दोन, कील आणि आतला सांगाडा पक्का आहे, किंवा कील उतरवून जाणकाराकडून पक्का करून घ्यायचे पैसे आधीच बाजूला ठेवलेत. तीन, तुम्हाला ते काम करायचंच आहे. बोट हवी असेल तर चालू बोट घ्या. काम शिकायचं असेल तर जुनी घ्या आणि जास्तीचे पैसे शिकण्याची फी समजा. दोन्ही एकदम, स्वस्तात, हे मात्र होत नाही.

काम शिकायला छोटी डिंगी बरी. आठ फुटी ऑप्टिमिस्ट किंवा चौदा फुटी लेझर. जड कील नाही, इंजिन नाही, क्रेन नाही, घराच्या पार्किंगमध्ये मावते. उतार काढणं, कापड भिजवणं, पॉलिश पेपर घासून कंटाळणं, सगळं तिथे शिकायला मिळतं.

आणि थांबायची रेघ आधी आखा. "डेकचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग ओला निघाला, किंवा कीलपाशी चीर दिसली, तर नाही", हे बोट उघडण्याआधी लिहून तिघांनी सही करा. दोन लाख घालून झाल्यावर कुणीच थांबत नाही, सगळे म्हणतात, "आता एवढं केलंच आहे तर…"

आमची रेघ आधीच आखलेली होती. आम्ही काकांना नाही म्हटलं, आणि चिरांचे फोटो त्यांना दाखवले. त्यांना वाईट वाटलं. पण ते फोटो पुढच्या गिऱ्हाइकालाही दाखवा असं आम्ही सांगितलं, कारण भोक भरून, रंग देऊन ती बोट उद्या सहज विकली गेली असती आणि कुणीतरी घरच्यांना बसवून तिला समुद्रात नेलं असतं.

[२१:१०] 'नाही' म्हटलं तरी बोट कुठे जाते?

घट्ट झालेलं रेझिन प्लास्टिकच्या बाटलीसारखं वितळवून पुन्हा वापरता येत नाही. कुजत नाही, आणि जाळलं तर विषारी धूर होतो. म्हणून जगभर किनाऱ्यांवर जुन्या बोटी पडून राहतात. फ्रान्समध्ये २०१९ पासून नव्या बोटी विकणाऱ्यांकडून शुल्क घेऊन जुन्या बोटी मोडण्याचा खर्च भागवतात. आपण एवढं तरी करू शकतो: कीलचं शिसं, डोलकाठी, कड्या, शिडं सुटी करून दुसऱ्या बोटींना द्यायची. मोडीत निघालेली एक बोट चार बोटी चालू ठेवते. आणि भंगाराच्या भावात मिळणारी बोट घेताना लक्षात ठेवा, तिची विल्हेवाटही आता तुमची जबाबदारी असते.

तर मंडळी, थोडक्यात: भोक बघून घाबरू नका, रंग बघून भुलू नका. आधी वाजवा, मग जमीन उचला, मग कागदावर बेरीज करा, आणि सगळ्यात शेवटी भाव विचारा. कुणी मित्र जुनी बोट बघायला निघाला असेल तर हा एपिसोड त्याला निघायच्या आधी पाठवा, टोकन देऊन झाल्यावर नको.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि समुद्रावर गेलात तर लाइफ जॅकेट घाला!